विश्लेषण : सरपंच निवडून येतो, मग ग्रामसेवक का नाही?

घरकुलाचा अर्ज, मुलीच्या जन्माचा दाखला, घराचा नमुना ८ चा उतारा, लग्नाची नोंद. गावातल्या माणसाचे बहुतेक कागद एकाच टेबलावरून फिरतात. त्या टेबलामागे बसणारा माणूस मात्र गावाने निवडलेला नसतो. सरपंच थेट जनतेतून येतो, सदस्य वॉर्डातून येतात, पण दप्तर सांभाळणारा ग्रामसेवक जिल्हा परिषद पाठवते. तो वेळेवर येत नसेल, दाखला अडवत असेल, तर पाच वर्षांनी त्याला मत देऊन घरी बसवण्याची सोय गावाकडे नाही. मग ग्रामसेवकही निवडूनच का आणू नये? प्रश्न पारावरच्या गप्पांचा वाटेल, पण अमेरिकेत अनेक ठिकाणी हे प्रत्यक्षात होते. तिथले अनुभव आणि महाराष्ट्रातील कायदा एकत्र वाचला, तर उत्तर बऱ्यापैकी स्पष्ट होते.

गावचा कारकून नेमके काय करतो?

महाराष्ट्रात सुमारे २८ हजार ग्रामपंचायती आहेत. महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियम, १९५८ नुसार प्रत्येक ग्रामपंचायतीला किंवा ग्रामपंचायतींच्या गटाला एक सचिव असतो. हा सचिव म्हणजेच ग्रामसेवक किंवा मोठ्या गावात ग्रामविकास अधिकारी. २०२४ मध्ये राज्य सरकारने ही दोन्ही पदे एकत्र करून ‘ग्रामपंचायत अधिकारी’ असे नाव दिले. लोकांच्या तोंडी मात्र अजून ग्रामसेवकच आहे. त्याची नेमणूक जिल्हा परिषदेकडून होते आणि शिस्तभंगाची कारवाईही तिथूनच होते.

त्याचे काम कागदोपत्री कारकुनाचे वाटते, पण त्यात बरीच ताकद असते. ग्रामसभेचे आणि मासिक सभेचे प्रोसिडिंग तो लिहितो. सभेत काय ठरले यावर वाद झाला, तर पुरावा म्हणून त्याचेच लिखाण पाहिले जाते. जन्म, मृत्यू आणि विवाहाची नोंद त्याच्याकडे होते. घरपट्टी आणि पाणीपट्टीची आकारणी त्याच्या नोंदवहीत असते. ग्रामनिधीतून पैसे काढायचे तर सरपंचाबरोबर त्याची सही लागते.

ही दुसरी सही महत्त्वाची आहे. सरपंच गावाच्या वतीने निर्णय घेतो. ग्रामसेवकाची सही सांगते की हा निर्णय नियमात बसतो, सभेत तो खरोखर झाला आहे आणि त्यासाठी पैसे आहेत. एकाने ठरवायचे आणि दुसऱ्याने तपासायचे, अशी ही रचना आहे. ग्रामसेवक निवडून आणावा की नेमावा, हे ठरवताना पहिला निकष हाच असायला हवा. कोणत्या पद्धतीत ही दुसरी सही खरोखर दुसरी राहील?

निवडून येणारे कारकून कुठे असतात?

अमेरिकेतील अनेक राज्यांत काउंटी क्लार्क, टाउन क्लार्क किंवा सिटी क्लार्क हे पद निवडणुकीने भरले जाते. आपल्याकडचा लिपिक आणि तिथला क्लार्क यांत फरक आहे. तिथला क्लार्क हा स्थानिक दप्तराचा प्रमुख असतो. सभांचे इतिवृत्त, विवाह परवाने, जमिनीच्या दस्तांची नोंद, वाहन नोंदणी आणि अनेक ठिकाणी निवडणूक घेण्याची जबाबदारीही त्याच्याकडे असते. राज्यागणिक आणि शहरागणिक कामांची वाटणी बदलते. नेमण्याची पद्धतही बदलते. कॅलिफोर्नियातील अनेक शहरांत तर क्लार्क निवडलेला हवा की नेमलेला, हा प्रश्नच मतदारांपुढे ठेवता येतो.

ही पद्धत रुजली ती एकोणिसाव्या शतकात. १८२९ ते १८३७ या काळात अध्यक्ष असलेले अँड्र्यू जॅक्सन यांची भूमिका होती की सरकारी कामे साधी असतात, कोणताही समजदार माणूस ती करू शकतो, त्यामुळे एकाच माणसाने खुर्चीला चिकटून राहू नये. पुढच्या दोन-तीन दशकांत न्यायाधीशांपासून कारकुनांपर्यंत अनेक पदे मतपत्रिकेवर आली. या विचाराला दुसरी बाजूही होती. निवडणूक जिंकणाऱ्या पक्षाने आपल्या माणसांना नोकऱ्या वाटायच्या, ही प्रथाही त्याच काळात फोफावली. १८८१ मध्ये नोकरी न मिळाल्याने चिडलेल्या एका माणसाने अध्यक्ष जेम्स गारफिल्ड यांच्यावर गोळ्या झाडल्या. त्यानंतर १८८३ मध्ये केंद्रीय नोकऱ्यांसाठी परीक्षेची पद्धत आणणारा पेंडलटन कायदा झाला. स्थानिक क्लार्क मात्र बऱ्याच ठिकाणी मतपत्रिकेवरच राहिला.

निवडणुकीच्या बाजूने काय सांगता येते?

ही बाजू हलकी नाही. पहिला मुद्दा स्वातंत्र्याचा. महापौराने नेमलेला क्लार्क महापौराच्या विरोधातली नोंद करायला कचरेल. लोकांनी निवडलेल्या क्लार्कला ती भीती नसते. दुसरा मुद्दा रहिवासाचा. निवडून येण्यासाठी त्याच गावात राहावे लागते. महाराष्ट्रात ग्रामसेवक मुख्यालयी राहत नाही, आठवड्यातून दोन दिवस येतो, एकाकडे दोन-तीन गावे असतात, या तक्रारी जुन्याच आहेत. निवडलेला ग्रामसेवक निदान गावात सापडेल. तिसरा मुद्दा सरळ आहे. लोकांच्या पैशाने आणि लोकांसाठी काम करणाऱ्याला काढण्याचा अधिकार लोकांकडेच असावा.

नेमलेला कारकून वरिष्ठाच्या दबावाखाली काय करू शकतो, याचे उदाहरण लॉस एंजेलिसजवळच्या बेल या छोट्या शहरात मिळते. तिथला नेमलेला नगर व्यवस्थापक रॉबर्ट रिझो वर्षाला जवळपास ८ लाख डॉलर पगार घेत होता. २००८ मध्ये एका रहिवाशाने पगारांची माहिती मागितली, तेव्हा त्याला नगर कार्यालयातून खोटे, कमी आकडे असलेला कागद देण्यात आला. खरे आकडे २०१० मध्ये ‘लॉस एंजेलिस टाइम्स’ने बाहेर काढले. रिझोला २०१४ मध्ये १२ वर्षांची शिक्षा झाली. माहिती देणारे टेबल ज्याच्या हाताखाली, त्याचीच माहिती लपवली गेली, हा या प्रकरणाचा धडा. म्हणजे नेमणूक ही काही आपोआप प्रामाणिकपणाची हमी नाही.

पण निवडलेला कारकून कायदा पाळायलाच नाही म्हणाला तर?

केंटकी राज्यातील रोवन ही साधारण २३ हजार लोकवस्तीची काउंटी. आपल्याकडच्या एखाद्या मोठ्या बाजारगावाएवढी. २६ जून २०१५ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने समलिंगी विवाहाला देशभर मान्यता दिली. त्यानंतर रोवन काउंटीच्या क्लार्क किम डेव्हिस यांनी धार्मिक कारण पुढे करून विवाह परवाने देणेच थांबवले, कोणत्याही जोडप्याला. न्यायालयाचा आदेशही त्यांनी मानला नाही. सप्टेंबर २०१५ मध्ये न्यायालयाच्या अवमानाबद्दल त्यांना तुरुंगात ठेवावे लागले. त्या काळात त्यांच्या कार्यालयातील सहायकांनी परवाने दिले.

डेव्हिस यांच्या श्रद्धेबद्दल मत काहीही असो, प्रशासनाच्या दृष्टीने प्रश्न वेगळा होता. त्यांना पदावरून काढणार कोण? त्या निवडून आलेल्या होत्या. राज्यपाल त्यांना निलंबित करू शकत नव्हते. काउंटीचे प्रमुख त्यांची बदली करू शकत नव्हते. मार्ग एकच होता, राज्याच्या विधिमंडळात महाभियोग चालवणे. एका कारकुनासाठी तो कोणी चालवला नाही. २०१६ मध्ये राज्याने कायदा बदलून परवान्यावरील क्लार्कचे नावच काढून टाकले. कारकून हलवता येत नव्हता, म्हणून नमुना बदलावा लागला. डेव्हिस २०१८ च्या निवडणुकीत हरल्या, म्हणजे मतदारांचा निर्णय आला तो तीन वर्षांनी. परवाना नाकारलेल्या एका जोडप्याला २०२३ मध्ये ज्युरीने एक लाख डॉलरची भरपाई मंजूर केली.

या प्रकरणातला एक तपशील मराठी वाचकाला ओळखीचा वाटेल. डेव्हिस यांच्या आधी त्या पदावर त्यांच्या आई होत्या, तब्बल ३७ वर्षे. डेव्हिस त्यांच्याच हाताखाली वर्षानुवर्षे नोकरीला होत्या. २०१४ मध्ये त्या स्वतः उभ्या राहिल्या आणि पक्षांतर्गत निवडणूक अवघ्या २३ मतांनी जिंकल्या. त्यांचा मुलगाही त्याच कार्यालयात होता. दर चार वर्षांनी निवडणूक होत असूनही दप्तर एका घरातच फिरत राहिले. याला महाराष्ट्रात एक जुना शब्द आहे, वतन.

वतनापासून परीक्षेपर्यंत

गावचा कारकून कसा यावा, हा प्रश्न महाराष्ट्राने एकदा सोडवलेला आहे, आणि तो फार त्रास सोसून सोडवलेला आहे. शतकानुशतके गावचे दप्तर कुलकर्ण्याकडे होते आणि ते वंशपरंपरेने चालत असे. बाप गेला की मुलगा बसे. वाचता न येणाऱ्या रयतेला आपल्या नावावर किती जमीन, किती देणे, हे त्याच्या तोंडून ऐकावे लागे. महात्मा फुले यांनी शेतकऱ्यांच्या दैन्याबद्दल लिहिताना या कागदी सत्तेवर सातत्याने बोट ठेवले. कोल्हापूर संस्थानात राजर्षी शाहू महाराजांनी १९१८ मध्ये कुलकर्णी वतन बंद केले आणि पगारी तलाठी नेमले. स्वातंत्र्यानंतर मुंबई राज्याने १९५० मध्ये परगणा व कुलकर्णी वतने कायद्याने संपवली. पाटीलकी महाराष्ट्रात १९६२ च्या कायद्याने गेली.

वतनाच्या जागी निवडणूक आली नाही, नेमणूक आली. जो माणूस गावातल्या भावकीचा नाही, ज्याला पगार सरकार देते आणि ज्याची बदली होऊ शकते, तोच सगळ्यांचे कागद सारखे लिहील, हा त्यामागचा विचार होता. तो कितपत खरा ठरला, यावर वाद होऊ शकतो. पण गावच्या बाहेरून आलेला कारकून ही चूक नव्हती, तो हेतू होता. ग्रामसेवक ‘आपल्या गावचा नाही’ ही तक्रार करताना हे विसरले जाते.

निवडणूक कारकुनाचे काय मोजते?

निवडणूक लोकप्रियता मोजते, दप्तर अचूक आहे का हे मोजत नाही. अमेरिकेतील आणखी दोन उदाहरणे हेच दाखवतात.

कोलोरॅडोतील मेसा काउंटीत टीना पीटर्स २०१८ मध्ये क्लार्क म्हणून निवडून आल्या. नोव्हेंबर २०१९ च्या निवडणुकीतील ५७४ मतपत्रिका मोजायच्याच राहून गेल्या होत्या. त्या पुढच्या फेब्रुवारीत मतपेटीत सापडल्या. पीटर्स यांना परत बोलावण्यासाठी मोहीम निघाली, पण पुरेशा सह्या जमल्या नाहीत. मे २०२१ मध्ये त्यांनी मतदान यंत्रणेच्या अद्ययावतीकरणाच्या वेळी बाहेरच्या व्यक्तीला आत येऊ दिले आणि यंत्रणेतील माहितीची प्रत बाहेर गेली. न्यायालयाने त्यांना निवडणुकीच्या कामापासून दूर ठेवले, तरी पदावर त्या मुदत संपेपर्यंत राहिल्या. ऑगस्ट २०२४ मध्ये ज्युरीने त्यांना सात आरोपांत दोषी धरले आणि ऑक्टोबरमध्ये न्यायालयाने नऊ वर्षांची शिक्षा सुनावली.

ॲरिझोनातील मॅरिकोपा काउंटीत नेमके उलटे घडले. तिथे रेकॉर्डर हे पद मतदारनोंदणी आणि टपाली मतदानाचे काम पाहते. २०२० मध्ये निवडून आलेले रिपब्लिकन स्टीफन रिचर यांनी आपल्याच पक्षातून होणारे मतचोरीचे आरोप पुराव्यानिशी खोडून काढले. जुलै २०२४ मध्ये पक्षांतर्गत निवडणुकीत ते हरले. नोंद सरळ ठेवणे ही त्यांची जबाबदारी होती. ती पार पाडल्याने मते वाढली नाहीत.

याच्या शेजारी नेमलेल्या कारकुनाची चूक ठेवून पाहावी. विस्कॉन्सिनमधील मॅडिसन शहरात क्लार्क नेमलेला असतो. नोव्हेंबर २०२४ च्या अध्यक्षीय निवडणुकीत १९३ टपाली मतपत्रिका मोजल्याच गेल्या नाहीत. चूक गंभीर होती आणि ती वेळेवर कळवलीही गेली नाही. मार्च २०२५ मध्ये क्लार्कना सक्तीच्या रजेवर पाठवण्यात आले आणि एप्रिलमध्ये त्यांनी राजीनामा दिला. त्या २००६ पासून पदावर होत्या. चूक दोन्हीकडे झाली. फरक पडला तो दुरुस्तीच्या वेगात. एका ठिकाणी काही महिने लागले, दुसऱ्या ठिकाणी मुदत संपण्याची वाट पाहावी लागली.

हेच महाराष्ट्रात लागू केले तर?

ग्रामपंचायतीच्या निवडणुका पक्षचिन्हावर होत नाहीत. त्या पॅनेलवर होतात. ग्रामसेवक निवडून आणायचे ठरले, तर तोही कोणत्या तरी पॅनेलमधूनच उभा राहील. सरपंचाच्याच पॅनेलचा निवडून आला, तर चेकवरच्या दोन्ही सह्या एका घरच्या झाल्या. विरोधी पॅनेलचा आला, तर प्रत्येक चेक अडेल आणि प्रत्येक दाखल्याला राजकारणाचा वास येईल. ज्याने मत दिले नाही, त्याच्या घराची नोंद वेळेवर होईल का, ही शंका तर कायमचीच.

विवाह नोंदणीचे उदाहरण घ्यावे. आंतरजातीय लग्न केलेले जोडपे नोंदणीसाठी ग्रामपंचायतीत गेले आणि टेबलामागचा माणूस गावातल्याच बहुसंख्य मतांवर निवडून आलेला असला, तर त्याच्यावर कोणता दबाव असेल, हे सांगायला केंटकीला जाण्याची गरज नाही. नेमलेल्या माणसावरही दबाव येतो. पण त्याला ‘कायद्याने नोंद करावीच लागते’ असे म्हणून सुटका करून घेता येते, कारण त्याची पुढची नोकरी त्या गावाच्या मतांवर अवलंबून नसते.

सरपंचाच्या निवडणुकीचा अनुभवही बोलका आहे. २०१७ मध्ये सरपंच थेट जनतेतून निवडण्याची पद्धत आली, २०२० मध्ये ती रद्द झाली आणि २०२२ मध्ये परत आली. सरकार बदलले की पद्धत बदलली. निर्णय घेणाऱ्या पदाबाबत असा वाद समजण्यासारखा आहे. दप्तर सांभाळणाऱ्या पदाचा असा फुटबॉल झाला, तर दर काही वर्षांनी नोंदवह्यांचा ताबा बदलत राहील आणि दप्तर गहाळ होण्याच्या तक्रारींना अंत राहणार नाही.

मग सध्याची पद्धत ठीक आहे का?

नाही. नेमणूक योग्य असली, तरी आजच्या नेमणुकीत तीन भोके आहेत आणि निवडणुकीची मागणी तिथूनच निघते.

पहिले, परीक्षेवरचा विश्वास. गावचे महसुली दप्तर सांभाळणाऱ्या तलाठी पदाच्या २०२३ च्या भरतीत ४,६४४ जागांसाठी १० लाखांहून अधिक अर्ज आले. परीक्षा अनेक सत्रांत झाली. प्रत्येक सत्राची प्रश्नपत्रिका वेगळी असल्याने कठीण सत्रातील उमेदवारावर अन्याय होऊ नये म्हणून गुण सूत्राने समपातळीवर आणले गेले. याला सामान्यीकरण म्हणतात. पद्धत गणिताने चुकीची नाही. पण २०० गुणांच्या परीक्षेत २१४ गुण दिसले, तेव्हा राज्यभर संशय उसळला. सूत्र आधीच सोप्या भाषेत, उदाहरणासह जाहीर केले असते आणि प्रत्येकाला आपले मूळ गुण आणि बदललेले गुण शेजारी-शेजारी दिसले असते, तर निम्मा गोंधळ टळला असता. परीक्षेवरचा विश्वास उडाला की ‘यापेक्षा निवडणूक बरी’ असे म्हणणारे वाढतात.

दुसरे, बदली. नेमलेल्या कारकुनाची खरी नस बदलीत असते. नियमावर बोट ठेवणाऱ्याला दूरच्या तालुक्यात पाठवता येत असेल आणि मर्जीतल्याला सोयीच्या गावात ठेवता येत असेल, तर तो नेमलेला असूनही स्वतंत्र नसतो. बेल शहरात घडले तेच मग छोट्या प्रमाणात इथे घडते. राज्य शासनाच्या कर्मचाऱ्यांसाठी २००५ चा बदल्यांचा कायदा आहे आणि त्यात साधारण तीन वर्षांच्या कार्यकाळाची तरतूद आहे. जिल्हा परिषद शिक्षकांच्या बदल्या २०१७ च्या धोरणानंतर संगणक प्रणालीतून होऊ लागल्या. त्या प्रणालीवरही तक्रारी झाल्या, पण ‘कोणाच्या चिठ्ठीने बदली झाली’ हा प्रश्न मागे पडला आणि ‘सॉफ्टवेअरने कोणता निकष लावला’ हा प्रश्न पुढे आला. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर निदान तपासता येते.

तिसरे, गावाला दिसणारा हिशेब. लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ नुसार ठरलेल्या मुदतीत सेवा न दिल्यास संबंधिताला ५०० ते ५,००० रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. ग्रामपंचायतीचे अनेक दाखले या कायद्याखाली येतात. पण त्यासाठी अर्जाची पोच लागते. ‘उद्या या’ असे तोंडी सांगितले की मुदत सुरूच होत नाही. ज्याला पोच मागण्याचे धाडस नाही किंवा माहिती नाही, त्याच्यासाठी कायदा कागदावरच राहतो.

गावाच्या हातात खरोखर काहीच नाही?

आहे, आणि इथेच या चर्चेतला सर्वात दुर्लक्षित मुद्दा येतो. महाराष्ट्राच्या ग्रामपंचायत कायद्यानेच गावात काम करणाऱ्या शासकीय, निमशासकीय आणि पंचायतीच्या कर्मचाऱ्यांवर ग्रामसभेला शिस्तविषयक नियंत्रण दिले आहे. ते कार्यालयात हजर असतात का, हे पाहण्याचा अधिकार ग्रामसभेला आहे. त्यांच्या कामाचे दरवर्षी मूल्यमापन करायचे आहे. गैरवर्तन किंवा अनियमितता आढळली, तर गटविकास अधिकाऱ्याकडे अहवाल द्यायचा आहे.

म्हणजे पाच वर्षांनी एकदा मत देण्यापेक्षा दरवर्षी प्रगतिपुस्तक लिहिण्याचा अधिकार कायद्याने आधीच दिलेला आहे. ग्रामसेवकासाठी मतदान मागण्याआधी हा अधिकार वापरला जातो का, हे प्रत्येक गावाने स्वतःला विचारायला हवे. ग्रामसभा अनेकदा कोरमअभावी तहकूब होते किंवा लाभार्थ्यांच्या यादीवरच्या वादात संपते. ग्रामसेवकाच्या कामाचा विषय अजेंड्यावर येणे तर दूरच. शिवाय अजेंडा तयार करण्यात आणि प्रोसिडिंग लिहिण्यात ग्रामसेवकाचाच हात असतो, ही मूळ अडचण आहे.

या अधिकारात धोकाही आहे. ग्रामसभेत ज्या भावकीचा आवाज मोठा, ती भावकी न वाकणाऱ्या ग्रामसेवकाला ‘गैरवर्तना’च्या ठरावाने छळू शकते. ग्रामसेवक महिला असेल, मागास समाजातील असेल, तर हा धोका वाढतो. दुसरीकडे, निम्म्या जागा महिलांसाठी राखीव झाल्यापासून पहिल्यांदाच पदावर आलेल्या कित्येक सरपंच नियम समजून घेण्यासाठी ग्रामसेवकावरच अवलंबून असतात आणि तो त्याचा फायदा घेऊ शकतो. म्हणून मूल्यमापन आवडी-निवडीवर नको, मोजता येणाऱ्या गोष्टींवर हवे. महिन्यात किती दिवस कार्यालय उघडे होते? किती अर्ज आले आणि किती दाखले मुदतीत दिले गेले? मागच्या सभेचे प्रोसिडिंग पुढच्या सभेत वाचून दाखवले का? जमा-खर्च फलकावर लागला का? या चार प्रश्नांची उत्तरे आकड्यांत आणि हो-नाहीत देता येतात. आकडे खोटे असतील, तर तेही तपासता येतात.

काय करायला हवे?

निवडणुकीची मागणी सोडून द्यावी, पण तिच्यामागची तक्रार सोडू नये. ग्रामसेवक नेमलेलाच असावा. त्याची भरती पारदर्शक परीक्षेतून व्हावी आणि गुणांचे सूत्र परीक्षेआधी जाहीर असावे. ठरलेल्या मुदतीआधी बदली करायची तर कारण लेखी असावे आणि ते गावाला वाचता यावे. प्रत्येक अर्जाला, तोंडी मागणीलाही, क्रमांकाची पोच मिळावी. संगणक परिचालक आणि ऑनलाइन नोंदणीची सोय आल्यापासून हे तांत्रिकदृष्ट्या अवघड राहिलेले नाही. एक साधा संदेश मोबाइलवर गेला, तरी ‘अर्ज आलाच नव्हता’ हे उत्तर बंद होते.

आणि ग्रामसभेचे वार्षिक मूल्यमापन खरे व्हावे. वर्षातल्या एका ग्रामसभेचा पहिला विषय तोच असावा, आणि त्या विषयापुरते प्रोसिडिंग ग्रामसेवकाने लिहू नये, दुसऱ्या गावच्या कर्मचाऱ्याने लिहावे. गटविकास अधिकाऱ्याने त्या अहवालावर काय केले, हे पुढच्या ग्रामसभेत सांगणे बंधनकारक असावे. अहवाल सूडाने लिहिला असेल, तर ग्रामसेवकाला बाजू मांडण्याची संधी तिथेच मिळेल.

कोणत्याही कारकुनाबद्दल तीन प्रश्न विचारावेत. त्याला कोणी आणले, त्याला कोण हलवू शकतो आणि त्याचे दप्तर कोण पाहू शकतो. निवडणूक पहिल्या प्रश्नाचे उत्तर देते आणि उरलेल्या दोन प्रश्नांबद्दल गप्प बसते. रोवन काउंटीत पहिले उत्तर ‘लोकांनी’ असे होते आणि तरीही लोक परवान्यासाठी काउंटरवरून परत गेले. गावातल्या माणसाला दाखला हवा असतो, तो वेळेवर आणि कोणाच्या पाया न पडता. त्यासाठी आणखी २८ हजार निवडणुका घेण्याची गरज नाही. वर्षातली एक ग्रामसभा तरी कारकुनाच्या हिशेबासाठी भरली, तर गावाला त्याच्यावर मतपत्रिकेपेक्षा अधिक घट्ट लगाम मिळेल.